सांगलीच्या यार्डात काय झालं

प्रिय संयू,

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून कागद घेतला. इकडे उसाला अजून तोड आलेली नाही. नाना भेटेल त्याला तुझ्या पोस्टडॉकबद्दल सांगत सुटलेत. परवा गावातल्या लालासाहेबांनी विचारलं, पोरगी डॉक्टरेट झाली, मग आता आणखी काय शिकायचं राहिलं? नाना म्हणाले, "शिकायचं न्हाई, पोस्टिंग हाय. दोन वर्सं हितं, दोन वर्सं तितं. फौजेत आमी काय येगळं केलं?" इतकं सोपं तुलाही सांगता आलं नसतं.

मला मात्र तुझं काम थोडंफार कळतं. तू मेंदू कापत नाहीस, त्याची गणितं मांडतेस आणि कॉम्प्युटरवर चालवून बघतेस. बांधावर बसून तूच सांगितलं होतंस, की सगळ्यांनी एकदम पाण्याच्या मोटारी चालू केल्या की विजेचा डीपी उडतो, तसंच झटका येताना डोक्यात होतं. हे तू का शिकलीस ते घरात कुणी बोलत नाही. मी नववीत होतो, तू जेमतेम आठ वर्षांची. मला झटका आला की मोठी माणसं कांदा हुंगवायची, चप्पल नाकाला लावायची. तू एकटी नानांचं घड्याळ घेऊन सेकंद मोजत बसायचीस. पुढं डॉक्टरांनी किती वेळ चाललं म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर फक्त तुझ्याकडं होतं.

अकरा ठिकाणी अर्ज करून दोन होकार आले, एक जर्मनीचा, एक बंगळूरचा. महिनाअखेर कळवायचंय. परवा तू विचारलंस, "दादा, तुझी तब्येत बरी आहे ना? मग मी निर्धास्त जाते." मी हो म्हणालो.

ते खोटं होतं, संयू. भाऊबीजेला माझ्या कपाळावरची खूण बघून तू विचारलंस, तेव्हा ट्रॉलीचा फाळका लागला म्हणालो, तेही खोटं. बारा वर्षांनी झटके परत आलेत. दसऱ्याआधी हळद विकायला सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो होतो, तिथंच पडलो. गुंडा नावाच्या हमालानं कुशीवर वळवलं, दवाखान्यात नेलं. दिवाळीनंतर घरी आणखी एकदा. गोळ्या बदलल्यात, ट्रॅक्टर बंद केलाय, तुझ्या वहिनीला, अंजनाला, सगळं माहीत आहे. आई म्हणते, "ती इमानात बसू दे, मग सांगू." तिचं चुकतं असं नाही. पण तिथं गेल्यावर तुला कळलं असतं, तर माझ्या कुठल्याच शब्दावर तू पुन्हा विश्वास ठेवला नसतास. माझं मत विचारशील तर जर्मनीला जा. मला सांभाळायला इथं माणसं आहेत, तुझं काम करायला तूच आहेस. पण ठरव ते सगळं माहीत असताना. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे, की तुला लिहिलं म्हणून.

तुझाच,
जयराजदादा