समान हक्कांचा सिक्वेन्सर

सोमवार, ४ मे
घरच्या खोलीत एकट्याने संगीत करणाऱ्या तमाम बांधवांनो! आपले सूर आपल्याच कॉम्प्युटरने चुकीच्या वेळी का लिहून घ्यावेत? सिक्वेन्सरच्या, म्हणजे भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या डबीतून सूर नेमका ठोक्यावर निघतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कधी केसभर मागे पडतो, कधी पुढे. हे खपवून घेणार नाही.
निर्धार: शुक्रवारपर्यंत बंदोबस्त. शनिवारी बहीण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात कायमची चालली. त्याआधी आईची अंगाई तिच्या आवाजात घ्यायची. आई गेल्यापासून ती अंगाई फक्त बहिणीलाच येते.

मंगळवार, ५ मे
डबी विकणाऱ्या दुकानदाराला फोन. म्हणाला, साहेब, एकालाच ताल धरू द्या, दुसऱ्याला त्याच्या मागे चालवा. एक मालक, एक ताबेदार. खडसावलं त्याला. जन्मभर समतेवर भाषणं दिली, आणि माझ्याच टेबलावर ताबेदारी? दोघांना समान अधिकार दिले. कॉम्प्युटरने डबीचं ऐकायचं, डबीने कॉम्प्युटरचं.
दुपारी: एकमेकांचं ऐकत दोघं असे उधळले की अंगाईसाठी बांधलेल्या सुरांचं युद्धगीत झालं. सुरुवातीचा गोंधळ. प्रत्येक क्रांतीत होतो.

बुधवार, ६ मे
बहीण दारात. म्हणाली, दादा, मोबाइलवर घे ना, पाच मिनिटांत गाते. समजावलं, आईच्या गाण्याला डळमळीत पाया चालणार नाही. तर म्हणे, आई भांडी घासताना गायची, तेव्हा कुठला पाया होता? हिला तंत्र कळत नाही. डबी आणि कॉम्प्युटर जोडणारी मिडी केबल बदलली.

शुक्रवार, ८ मे
केबल निर्दोष होती. बहिणीने बॅगा बांधायला हाक मारली. आलोच म्हणालो. बॅगा बांधून झाल्या, तिचं जेवणही झालं, मी येतच होतो.

शनिवार, ९ मे. सकाळ
टॅक्सी खाली उभी. म्हणाली, आता तरी घे, ड्रायव्हर थांबतोय. म्हटलं, दोनच मिनिटं, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतोय. नंतर खिडकीतून हात केला. तिने वर पाहिलं असावं.

रविवार, १० मे
तत्त्वाला मुरड नाही. केवळ तात्पुरती सोय म्हणून कॉम्प्युटरला मालक केलं. पहिल्याच फटक्यात सगळे सूर ओळीत! ऐकवायला बहिणीच्या खोलीचं दार वाजवलं. मग फोन केला. म्हणाली, इथे खोलीत आणखी दोघी आहेत दादा, गाता नाही येणार. सुट्टी मिळाली की बघू.
बांधवांनो, विजय आपला आहे. मायक्रोफोन लावून ठेवलाय. ओळखीत कोणी गाणारं असेल, तर उद्या सकाळी माझ्याकडे पाठवा. अंगाई येत नसली तरी चालेल.