कुणाच्या नळाला कुठला रंग

३ फेब्रुवारी
चिमणीचं पोट पुन्हा बिघडलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं किती दिवस देणार, आधी पाणी तपासा. तपासलं – बोअरच्या पाण्यात संडासाचे जंतू. शी! पोर माझी, आणि पाजत होते मीच. रडू आवरेना.

५ फेब्रुवारी
दुसरीकडून कुठून येणार? शेजारी थोरले दीर-जाऊ. त्यांची सेप्टिक टाकी आमच्या बोअरला अगदी खेटून. आमची टाकी बघा – आमच्या बोअरपासून लांब, पार मागच्या कुंपणाशी. ह्यांनी डोकं लावून बांधलीय. पलीकडे जाऊबाईंची बोअर आहे, पण मधे चांगली भिंत आहे की.
जाऊबाईंना सांगायला गेले तर म्हणतात, "तुझ्याच हाताला स्वच्छता नाही." माझ्या हाताला!

८ फेब्रुवारी
प्लंबरने तोडगा काढला. संडासात रंग ओतायचा, भरपूर पाणी सोडायचं आणि नळावर नजर ठेवायची. माती जशी असेल तसा रंग पाझरतो, कुठे लवकर, कुठे उशिरा. जाऊबाईंकडे लाल ओतला. त्या हटून बसल्या – हिच्याकडेही ओता. म्हटलं, खुशाल ओता, कर नाही त्याला डर कशाला! आमच्याकडे हिरवा.

१० फेब्रुवारी
लाल! आमच्या नळाला लाल पाणी!
बादली तशीच उचलली आणि गल्लीभर मिरवली. जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. भाऊजी मान खाली घालून उभे. हे हळूच म्हणाले, "पुरे आता." पुरे काय पुरे? आजवर प्रत्येक वेळी मीच गप्प बसलेय. आज नाही.

११ फेब्रुवारी
हिरव्याचा कुठे पत्ताही नाही. मला माहीतच होतं.

१५ फेब्रुवारी
भाऊजींची टाकी तळाशी तडकलेली निघाली. आता लांब, नवी बांधताहेत. चिमणी उकळलेल्या पाण्यावर टुणटुणीत, आज मागून मागून जेवली. जिंकले बाई एकदाची!
सासूबाई जाऊबाईंकडे असतात. त्यांचंही पोट महिनाभर बिघडलंय, अंथरुणाला खिळल्यात. मी शेजारणींना म्हटलं, थोरलीच्या हातचं खाऊन दुसरं काय होणार! सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त मी.

१७ फेब्रुवारी
सकाळी दार उघडलं तर जाऊबाई. सासूबाईंच्या उशाशी असतो तो काचेचा जग माझ्यापुढे धरला.
पाणी हिरवं होतं.