सहाला सात

मुरुम,
ता. ११ जून १९४४

ती. शांतलिंगमामा,

शरणु. इकडं सगळे खुशाल. अप्पांचा खोकला थांबला. काळी म्हैस व्याली, रेडी झाली. अव्वानं तुमच्यासाठी खारोड्या वाळवून डबा भरून ठेवलाय, माझा भाऊ आला की नेईल म्हणते.

आला की म्हणजे कशाला आला की, ते मी लिहीत न्हाय. तुम्हाला ठाऊक आहे.

आधी गणिताचं सांगते. पाडव्याला तुम्ही अप्पांना लिहिलं होतं, "चन्नम्माला गुलबर्ग्याला मास्तरणीच्या वर्गाला जायचंय तर जाऊ द्या. मी जास्तीत जास्त साठ रुपये देईन. तेवढ्यात निभलं तर माझी हरकत नाही. वर एक पैसा लागला तर तिनं हट्ट सोडावा, श्रावणाच्या आत बार उडवू."

वसतिगृहाचा कागद आला. भरतीचे पाच रुपये, जेवणखाण आणि फी मिळून दरमहा साडेसहा. वर्ग दहा महिन्यांचा. अप्पांनी पेढीवर बसल्या बसल्या केलं, पाच आणि पासष्ट, सत्तर. "साठाच्या वर गेलं गं चन्ने," म्हणाले, आणि मठात जाऊन मुहूर्त विचारून आले. अव्वानं पेटीतली इरकल काढली. मी ताटावर बसेना, तर म्हणते कशी, "उपाशी मरायचं तर माझ्या भावाच्या घरी जाऊन मर!"

रडले. लई रडले. मग माझाच मला राग आला. रडतेस काय, गणित सोडव की! हे तुमचंच बोलणं, मामा.

आठवतं? उन्हाळ्यात ओसरीवर पाटी घेऊन विचारायचात, आण्याला तीन पेरू, खिशात चार आणे, किती घेशील? मी म्हणायची, बारा. तुम्ही टपली मारायचात. "बाराच का? नऊ घेतलेस तर पेरूवाला मारणार हाय का? खिसा पुरतो तिथवरची सगळी उत्तरं खरी." मग ते कमी-जास्तीचं तोंड वासलेलं चिन्ह काढायचात आणि त्याच्याखाली एक आडवी रेघ. रेघ असली की बरोबर तेवढंही चालतं, असं सांगायचात.

तर महिन्यांना क्ष धरलं. पाच अधिक साडेसहा क्ष, साठाहून जास्त नको. क्ष आला आठ आणि वर थोडा. हवेत दहा. पाटी पुसून पुन्हा मांडलं, पुन्हा आठच.

परवा सोलापूरचा सरकीवाला वीरप्पा पेढीवर आला. त्यानं बारा रुपये कलदार पुढं ठेवले. अप्पा मान वर न करता म्हणाले, "सहाला सात. चौदा हाली." मी चहा घेऊन उभी होते. चहा तिथंच ठेवला आणि पाटीकडं पळाले.

मामा, तुम्ही सोलापुरात, इंग्रजांच्या राज्यात. तुमचे साठ कलदार. वसतिगृह निजामाच्या राज्यात, ते घेणार हाली. सहाला सात, तर साठाला सत्तर. पाच अधिक साडेसहा क्ष, सत्तराहून जास्त नको. क्ष दहा! अगदी रेघेवर बसलं, आणि रेघ चालते.

आता "मी हालीच म्हणत होतो" असं लिहू नका. हाली नाणं घेणार नाही, असं तुम्ही दुकानाच्या दारावर लिहून लावलंय. दसऱ्याला त्यावरून अप्पांना केवढं ऐकवलंत!

अप्पांना पाटी दाखवली. म्हटलं, दिवसभर सहाला सात करता, मग लेकीच्याच हिशेबात कसं विसरलात? त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "मामाला तू लिही, मी न्हाय लिहिणार," एवढंच बोलले. पण संध्याकाळी गुलबर्ग्याच्या मोटारीची वेळ विचारून आले.

अव्वा म्हणते, केसांच्या तेलाला पैसे कुठले? म्हटलं, टक्कल पडू दे. टकलीशी तर मामाही लग्न करणार न्हाय.

इथंच थांबणार होते. हिशेब जुळला, विषय संपला. पण तुम्ही पुढच्या वर्षी दुसरं गणित घालाल, म्हणून सरळच लिहिते. साठात बसलं नसतं तरी मला तुमच्याशी लग्न करायचं न्हाय. आपल्यात मामाशी होतं, आजीचंही तसंच झालं, व्हय, ठाऊक आहे. पण जत्रेत तुम्ही मला खांद्यावर बसवून फिरवलंत. तापात मी ओकले ती तुमच्या धोतरावर. त्या माणसाला नवरा म्हणायला जीभ रेटत न्हाय. आणि ज्या गणितानं मला शहाणं केलंत, त्यातच मला कोंडायला निघालात, याचा लई संताप आलाय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढी रडले नसते.

शब्द तुमचा आहे, पैसे पाठवा. न पाठवलेत तर लग्नासाठी केलेल्या पाटल्या मोडीन, पण गुलबर्ग्याला जाईन.

खारोड्यांचा डबा वीरप्पाबरोबर धाडतेय. न्यायला येऊ नका.

तुमची भाची, आणि जन्मभर भाचीच,
चन्नम्मा