चौकोनी बॅटरी आणि अक्काच्या सासूबाई

जळगाव,
श्रावणातला बुधवार

ती. सौ. हेमलता अक्का हिस,

जितेंद्रचा पायाला हात न लावता दुरूनच नमस्कार (पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून, एरवी लावला असता). पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणकामाची सुई घालू नकोस, मागे आईने घातली होती ती प्लास्टर कापल्यावरच सापडली. दाजींना नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या सासूबाई, लताबाई मावशी, धुळ्याच्या घरी कानबाईदेवीचा सण करून पाचोऱ्याला परतल्यापासून गप्प आहेत आणि माझं नाव निघालं की ताट सरकवतात, असं आईकडून कळलं. तू पायामुळे धुळ्याला आली नाहीस, तेव्हा तुला एकच बाजू माहीत असणार. दुसरी मी लिहितो. मी रागात नाही. राग सोमवारी दुपारीच संपला.

तुला माहीतच आहे की मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं (सरांशी मतभेद, खिडकीची काच हा वेगळा विषय) आणि नवलभाऊच्या बँडमध्ये बेस वाजवतो. बेस म्हणजे जाड आवाजाची, चार तारांची गिटार; बाबा तिला वखर म्हणतात. वरातीत तिचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त लागतो. नवलभाऊने ती एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली. बँडच्या गाडीवर हादरे बसून तिची वायर निसटायची, म्हणून भाऊने वायर एकदाची आत खुपसली आणि वरून काळी पट्टी गुंडाळली. (आमच्याकडे जे निसटतं त्याला पट्टी मारतात. एका झांजवाल्याच्या चपलेलाही आहे.) लग्नसराई संपल्यावर सगळे बाजे खोलीत टांगले, तेव्हा बेसही वायरीसकट टांगली गेली आणि थेट कानबाईलाच खाली उतरली. आमची समजूत अशी की वीज जनरेटरमधून निघते, वायरीतून बाजात जाते आणि बाजा वाजतो. या समजुतीवर आम्ही अख्खी लग्नसराई काढली होती, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

तुझ्या सासरच्या कानबाईला आमचा बँड मीच ठरवून दिला. हेतू समाजसेवेचा होता. तुझी नणंद ज्योत्स्ना तिथे असणार होती, हा योगायोग. माझी इच्छा एवढीच की लताबाई मावशींनी मला एकदा तरी वाजवताना बघावं आणि ‘पोरगा वाया गेलेला आहे’ हे मत थोडं सैल करावं. (का, ते विचारू नकोस.)

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. पुढे बायांच्या फुगड्या, मध्ये चौरंगावर कानबाई, तिच्याजवळ बिनवायरचा माईक घेऊन लताबाई मावशी, मागे आमची गाडी. मावशींनी गाणं उचललं, मी पहिली तार छेडली, तर स्पीकरमधून घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज आला. दुसऱ्या तारेला तोही गेला. मी शांतपणे स्पीकरला लाथ घातली. मग शांतपणेच जनरेटरवाल्या भटूची कॉलर धरली, कारण वीज त्याची. तो म्हणाला, “मना जनरेटरना काय दोष शे रे? बठ्ठं वाजी ऱ्हायनं, एक तुनंच मुकं शे!” बाकी सगळं वाजत होतं, मुकं माझंच होतं; मुद्दा बरोबर होता, म्हणून मी कॉलर आणखी घट्ट धरली. एवढ्यात ज्योत्स्ना गाडीजवळ आली आणि सगळ्यांसमोर विचारती झाली, “बॅटरी कधी बदलली होतीस?”

अक्का, या प्रश्नाने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, हा बाजा आहे, टॉर्च नाही. तिने बेस उलटी केली. मागे एक झाकण होतं, ज्याला मी आजवर शोभा समजत होतो. झाकणात एक चौकोनी बॅटरी निघाली, अंगावर पांढरी बुरशी धरलेली. तिने सांगितलं की असल्या बेसच्या पोटात स्वतःचं मशीन असतं, ते या बॅटरीवर चालतं, आणि त्याचं बटण म्हणजे वायरच. वायर आत की बॅटरी चालू, बाहेर की बंद. म्हणजे खोलीत टांगल्या टांगल्या ती दिवसरात्र जळत होती. (माझ्याही बाबतीत तसंच चाललं होतं, पण माझ्याकडे कुणी झाकण उघडून बघत नाही.) तुला हे कसं माहीत, असं मी विचारलं, ती म्हणाली, हितेंद्रांच्या गिटारला असंच आहे. हा हितेंद्र कोण, याची मी चौकशी केली. गिटारचे सर आहेत, नातवंडं आहेत. हे चौकशीअंती कळलं. तोपर्यंतचा वेळ कठीण गेला.

नवी बॅटरी आणावी तर दुकानं अजून उघडायची होती. नवलभाऊ गाडीवरून म्हणाला, “माईकमा ऱ्हास ना चौकोनी बॅटरी!” मावशींनी पाणी प्यायला माईक गाडीवर टेकवला, तेवढ्यात मी बॅटरी काढली. मृत की जिवंत हे आम्ही जीभ लावून बघतो. जिभेला चिमटा बसला की जिवंत. मी डोळे मिटून जीभ लावली. उघडले तेव्हा समोर मावशी. त्यांनी माईक उचलला, कानबाईकडे वळल्या आणि गाऊ लागल्या. आवाज शेजारच्या बाईलाही गेला नाही. “मना आवाज कोनी काढी लिधा?” असं त्या म्हणाल्या, तेही माईकमध्येच.

मी घाईने बॅटरी बेसमध्ये घातली, पट्टी फाडली, वायर उपसली आणि आवाजाची खुंटी पूर्ण वर असतानाच ती परत खुपसली. खुंटी आधी खाली करायची असते, हे ज्योत्स्नाने नंतर सांगितलं. स्पीकरमधून असा धडाका निघाला की सगळ्या फुगड्या एकदम सुटल्या आणि मावशी रस्त्यावर बसल्या. कानबाई चौरंगावर स्थिर राहिली, हे तिचे उपकार. त्यानंतर पांझरा नदीपर्यंत मी वाजवलं. आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. मावशींनी मात्र एकदाही मागे वळून बघितलं नाही.

ही दुसरी बाजू. यात चोरी नव्हती, अडचण होती.

तुझा धाकटा भाऊ,
जितेंद्र

ता. क. : माईकची बॅटरी अजून बेसमध्येच आहे. वायर मात्र काढून ठेवतो.

दुसरा ता. क. : ज्योत्स्ना तिथे असणं योगायोग, असं वर लिहिलं आहे. ती ओळ खोडून वाच. समाजसेवाही खोड.

तिसरा ता. क. : लताबाई मावशी, सा. न. अक्का पायामुळे दारापर्यंत येऊ शकत नाही, तेव्हा पोस्टमनकडून पाकीट तुम्हीच घेतलं असेल, आणि घेतलं म्हणजे फोडलंही असेल. म्हणून पत्र पहिल्या ओळीपासून तुम्हालाच लिहिलं आहे. अक्काचा पाय निमित्त. पांझरेवरून परतताना मी ज्योत्स्नाला एक गोष्ट विचारली. ती म्हणाली, मला चालेल, पण आईला तूच सांग, माझी हिंमत नाही. माझीही नव्हती. काल पाचोऱ्याच्या गाडीत बसलो आणि अर्ध्या वाटेत म्हसावदलाच उतरून परत आलो.

तर मावशी, सांगितलं.