छाटलेली खेजडी

माधवीताई,

डिसेंबरात परीक्षांचं निमित्त सांगून मी तुला जयपूरला येऊ दिलं नाही. खरं तर माझं ऑपरेशन होतं. डावा स्तन काढला.

घरी आले त्याच दिवशी माळीबाबा शेळ्यांच्या चाऱ्यासाठी अंगणातली खेजडी, म्हणजे आपली शमी, छाटत होते. एक फांदी ठेवली नाही. मी खिडकीतून ओरडले, "भैयाजी, पेड़ मार दिया आपने!"

ते हसले. "हर साल काटते हैं, मैडमजी. जेठ में देखना."

तेव्हापासून मला चैन नाही. उठलं की आधी झाडाकडे धावायचं, आरशाकडे मात्र बघायचं नाही.

आता उन्हाळ्याची लू सुरू आहे, भाजून काढणारा वारा. माझ्या कुंड्या करपल्या आणि खेजडी हिरवीगार आहे. छाटल्या जागच्या गाठी तशाच आहेत, पालवी त्यांच्या बाजूबाजूने फुटली आहे. इतकं सुंदर झाड मी पाहिलं नव्हतं. काल आंघोळीनंतर आरशासमोर मिनिटभर उभी राहिले, मग टॉवेल ओढून घेतला.

हे पत्रही मी टाकणार नाही, न टाकलेलं हे तिसरं आहे. पण रविवारी तू इथे येशील, स्टेशनवर नेहमीसारखी घट्ट मिठी मारशील आणि तुला कळेल. तेव्हा हात सैल सोडू नकोस.

तुझी धाकटी,
वल्लरी