उचलतोय की रं

आबा, पत्र फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत लिहायचं कारणच पडलं नाही, आणि चौथीनंतर लिहायची सवयही सुटली. आता कारण पडलंय.

परवा घरात नातीच्या लग्नाची सीडी लावली होती. मांडवात सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे. एक जण पाठमोरा, पावण्यांना टॉवेल-टोपी वाटत चाललाय, डावा पाय जमिनीला घासत. मी म्हटलं, "ह्यो कुठला पावणा? पाय उचलाय काय हुतंय ह्येला?" पोरगा हसला. सून खाली बघत म्हणाली, "मामंजी, तुम्हीच की ते."

इचलकरंजीच्या कापड कारखान्यात बापाच्याच, म्हणजे तुमच्या, हाताखाली मी माग चालवायला शिकलो. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून माणूस चालीवरून ओळखायचा, हे तुमचंच शिकवणं. लांबून नुसता खांदा हलला तरी कोण आलंय ते मी सांगायचो. आणि स्वतःला ओळखलं नाही. त्या दिवसापासून भिंतीला धरून येरझाऱ्या घालतोय. डोळे मिटले की पाय नीट उचलल्यासारखा वाटतो. मग फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज येतो.

तुमचंही पायापासूनच सुरू झालं. बाजारात मी पिशव्या घेऊन पुढं जायचो आणि मागं वळून ओरडायचो, "आबा, पाय उचला की, लोक बघत्यात." तुम्ही म्हणायचा, "उचलतोय की रं." मला तो हट्टीपणा वाटायचा. नंतर हात गेला. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला तुम्ही मागाशी उभे आहात, बोटं थरथरतायत, आणि मी तुमच्या हातातून धागा ओढून घेतोय. पुढं तर घासही भरवावा लागला. म्हणून मी डॉक्टरकडे गेलो नाही. तो जे सांगणार ते मी तुमच्यात बघितलंय.

तुम्ही खरं सांगत होता, आबा. आतून पाय उचललेलाच असतो. काल पोरगा म्हणाला, "जरा ध्यान दिऊन चाला की." माझ्या तोंडून तुमचंच उत्तर गेलं. त्यालाही ते खरं वाटलं नाही.

हा कागद गादीखालीच राहणार, पाठवू कुठं? बाजारात मी पुढं चालायचो ते गर्दीमुळं नाही, लाजेनं. त्यामुळं एक गोष्ट मला ठाऊकच नाही. पाय घासायला लागल्यापासून हात जाईपर्यंत मधे किती दिवस मिळाले? मी बघतच नव्हतो. तेवढं लवकर कळवा.