टोक सापडेपर्यंत

माय, परवा मी माझ्या धाकटीच्या तोंडात बोट घालून बघितलं. जीभ उचल म्हटलं, तिने उचलली. गाल फुगव म्हटलं, फुगवले. आणि सारखी माझ्याकडे बघत राहिली. झालं होतं एवढंच की साडीला लेस लावताना मशीनची सुई मोडली, वरचा भाग जागेवर राहिला आणि टोक कुठे उडालं ते दिसेना. तुझा नियम मी अजून पाळते. टोक सापडून दोन्ही तुकडे कागदावर जुळत नाहीत तोवर मशीन बंद, आणि खोलीबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. साडीत टोक राहिलं तर कुठल्या तरी बाईच्या कमरेत घुसेल आणि दुसऱ्या दिवशी कापड मार्केटचं काम आपल्या दारातून उठून शेजारणीच्या दारात जाईल, हे तू इतक्यांदा सांगायचीस की त्या न पाहिलेल्या बाईची कंबर माझ्या स्वप्नात यायची.

माझ्या दोन्ही मुली तुला बघायला मिळाल्या नाहीत. थोरली आठ वर्षांची. तिच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गोडादरा वस्तीला ठाऊक आहे. गुजरातीत भांडते, हिंदीत फुशारक्या मारते आणि मराठीत फक्त खायला मागते. खोटं बोलली की आधी तिलाच हसू फुटतं. धाकटी पाच वर्षांची. दिवसभर मशीनखाली कात्रणं घेऊन बसते. रडत नाही, मागत नाही, आणि खरं सांगते माय, मला तिची भीती वाटते. रडणाऱ्या पोराच्या पोटातलं कळतं, हिच्या पोटात काय शिजतंय देव जाणे. टोक हरवल्याबरोबर थोरली नाचायलाच लागली, "मम्मी, एणेज लीधुं छे! तिनेच घेतलंय, तिनेच!" आणि मला पटलं. पुरावा काही नाही. धाकटी गप्प होती, म्हणून पटलं.

हे मी तुझ्याकडूनच घेतलं, दुसरं कोण देणार. दूधवाल्याच्या तोंडावर तू दूध बोटाला लावून बघायचीस. शेजारीण साखर मागायला आली तर साखर देऊन झाल्यावर विचार करायचीस की ती खरी काय बघायला आली होती. नवागामच्या त्या खोलीत तूही दोन पोरं सांभाळत शिवत होतीस, मी आणि माझ्या पाठचा भाऊ. तो खरचटलं तरी गल्ली गोळा करायचा. मी तुझ्या मशीनखाली बसून असायचे, तर तू खाली वाकून डोळे बारीक करायचीस, "गप का बठेल शे? काय करं तू?" काही केलेलं नसायचं गं. वर बघितलं की तुझे गुडघे दिसायचे, दिवसभर तेवढेच.

तो दिवस तुला आठवत असणार. मी सहा वर्षांची, सुई मोडली, टोक गायब. तू मला दंडाला धरून दारात उजेडात ओढतेस. मुठी उघडतेस. वेण्या सोडतेस आणि फणी फिरवतेस, एवढी जोरात की डोळ्यांत पाणी येतं. मग तोंडात बोट. "तुकडा कोठे शे?" मी म्हणते, "माले माहीत नही." तू म्हणतेस, "चोराच्या मनात चांदणं! बघा, कशी खाली बघस ती." भावाने भोकाड पसरलं, तर त्याला तू झटकन कडेवर घेतलंस. त्याच्या खिशाला हातसुद्धा लावला नाहीस.

मग तू जुन्या रेडिओतलं लोहचुंबक दोरीला बांधलंस आणि जमिनीवर बसलीस. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आपण तिघं सरपटत होतो. भाऊ तुझ्या पाठीवर घोडा घोडा करत होता. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तू तिथेच फरशीवर वाढलीस, आणि तुझ्या गावच्या विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट सांगितलीस, जी त्याआधी कधी सांगितली नव्हतीस. टोक काही सापडलं नाही, शेवटी रात्री तू नाइलाजाने शोध सोडलास. त्यानंतर घरात टाचणी जरी हरवली तरी तुझी मान आधी माझ्याकडे वळायची. मी मोठी झाले, लग्न झालं, तरी वळायची. याचा राग मी सांभाळून ठेवला होता. नवऱ्यालाही मी ही गोष्ट रडून सांगितली आहे.

तू अंथरुणाला खिळलीस त्या वर्षी मशीन मला दिलंस. मोटर बसवायला मिस्त्रीने ते खालून उघडलं आणि आतून गंजलेलं सुईचं टोक काढलं. तू ते तळहातावर घेतलंस. मग माझा हात धरलास. "बेटा, मी तुनावर उगाच शक लिधा. माफ कर माले." जिने आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, ती तू. मी म्हटलं, "जाऊ दे, माय." पंधरा दिवसांनी तू गेलीस. त्याला आता चौदा वर्षं झाली.

परवा धाकटीच्या तोंडात काही निघालं नाही. मुठीत नाही, केसांत नाही. थोरली पलंगाखाली डोकं घालून शोधत होती. मी तुझंच लोहचुंबक घेतलं आणि धाकटीच्या फ्रॉकच्या खालच्या दुमडीवरून फिरवलं. फ्रॉक मीच शिवलेला, वाढत्या अंगाचा म्हणून चार बोटं दुमड ठेवलेली, एका जागी टाके उसवलेले. तिथे ते टक् करून चिकटलं. ती हलली नाही. खाली बघत होती.

तिथेच बघायचं हे तुला कसं सुचलं, असं तू डोळे बारीक करून विचारशील. माय, तू माझं सगळं अंग तपासलंस, पण स्वतः शिवलेल्या कपड्यावर तुला कधी संशय आला नाही. टोक माझ्याच फ्रॉकच्या दुमडीत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी ते गटारात टाकलं. मिस्त्रीने काढलं ते दुसऱ्याच कुठल्या तरी सुईचं. मला काही चोरायचं नव्हतं गं. टोक सापडलं असतं तर तू उठून पुन्हा मशीनवर बसली असतीस.

धाकटीला मी बोलले नाही. टोक काढून माझ्या पदराच्या गाठीत बांधलं आणि थोरलीला म्हटलं, "नाही गं सापडत." तिन्हीसांज होईपर्यंत आम्ही तिघी फरशीवर शोधत होतो. बकरीची गोष्ट सांगितली तेव्हा धाकटी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मग बकरी निघाली का?" दिवसभरात ती तेवढंच बोलली.

हा कागद घडी करून सुयांच्या डबीत ठेवते आहे, दुसरीकडे कुठे टाकणार. तू माफी मागत होतीस तेव्हा खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तू पहिल्यांदाच माझ्याकडे संशयाशिवाय बघत होतीस, आणि ते मला सोडवेना.